"स्किनचंच आहे ना, होईल बरं"

  आज करिअर नाही, एआय तर अजिबात नाही. आजचा विषय आहे कातडी. तुमची-माझी नाही, आपल्या घरच्या जनावरांची.

आता तुम्ही म्हणाल, हा कॉम्प्युटरवाला, याचा कातडीशी काय संबंध? संबंध एका वाक्याचा आहे. "स्किनचंच आहे ना, होईल बरं." हे वाक्य मी आयुष्यात दोनदा बोललोय. पहिल्यांदा २०२२ साली, गावाकडच्या आमच्या गायीबद्दल. दुसऱ्यांदा गेल्या वर्षी पुण्यात, आमच्या कुत्र्याबद्दल. दोन्ही वेळा चुकलो. पहिली चूक किती मोठी होती हे मला दुसरी केल्यावर कळलं, म्हणून आधी दुसरी सांगतो.

आमचा बंड्या. अस्सल देशी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये सापडलेला. त्याच्या अंगावर कोंड्यासारखं पांढरं दिसायला लागलं. मी काय केलं, माझ्याच अँटी-डँड्रफ शाम्पूने दर रविवारी त्याला घासून आंघोळ घालायला लागलो. लॉजिक साफ होतं ना, कोंडा आहे, कोंड्याचा शाम्पू आहे. दोन महिन्यांत त्याचं पोट लालभडक झालं, काखेतले केस गेले आणि रात्रभर खाजवणं सुरू. मग मी खोबरेल तेल लावलं. ते त्याने आवडीने चाटून टाकलं.

शेवटी जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. मॅडमनी त्याला तपासलं, ब्लेडने कातडी हलकेच खरवडून काचपट्टीवर घेतली आणि मला विचारलं, "त्वचा म्हणजे काय, सांगा बरं." मी म्हटलं, बाहेरचं कव्हर, मोबाईलला असतं तसं. त्या हसल्या. म्हणाल्या, "कव्हर काढलं तरी मोबाईल चालतो हो."

मग त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे चित्र काढून दाखवलं. सगळ्यात वर बाह्यत्वचा. तिच्यात रक्तवाहिनी नसते. तळाशी नव्या पेशी तयार होतात, वर सरकत जातात, मरतात आणि चपट्या होऊन एकमेकींना चिकटतात. आपण जिला हात लावतो ती खरंतर मेलेल्या पेशींची भिंत असते आणि तिच्या फटींत स्निग्ध पदार्थ भरलेला असतो, विटांमधल्या सिमेंटसारखा. तिच्याखाली अंतस्त्वचा. ती जाड, चिवट, कोलॅजनच्या धाग्यांची. रक्तवाहिन्या, नसा, केसांची मुळं, घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी, सगळं तिथे. चामडं कमावताना केस आणि बाह्यत्वचा काढून टाकतात, उरते ती अंतस्त्वचा. म्हणजे आपली कोल्हापुरी चप्पल ही जनावराची अंतस्त्वचा आहे. आणि सगळ्यात खाली चरबीचा सैल थर. कुत्र्याच्या मानेची कातडी चिमटीत उचलली जाते ती त्यामुळेच. इंजेक्शनही बरेचदा तिथेच देतात. आणि एक उपयोगाचं सांगतो: चिमटी सोडल्यावर कातडी झटकन बसली नाही, तंबूसारखी उभीच राहिली, तर जनावराच्या अंगातलं पाणी कमी झालंय असं समजा.

आता माझी चूक कुठे झाली? आपल्या बाह्यत्वचेत जिवंत पेशींचे दहा-पंधरा थर असतात. कुत्र्याच्या केसाळ भागात तीन ते पाच. बस्स. केस आहेत म्हणून कातडी पातळ ठेवलीय निसर्गाने. शिवाय आपली त्वचा आम्लधर्मी, पीएच साधारण ५.५ च्या आसपास. कुत्र्याची त्यापेक्षा बरीच उदासीनकडे झुकणारी. माणसाच्या कातडीसाठी बनवलेला शाम्पू, तोही औषधी, मी दर आठवड्याला त्या पातळ भिंतीवर ओतत होतो. विटांमधलं सिमेंट धुवून निघालं. जे जिवाणू आणि जी बुरशी एरवी कातडीवर थोडी-थोडी असतेच, त्यांना मोकळं रान मिळालं. काचपट्टीवर दोन्ही दिसले.

"किती दिवसांत बरा होईल?" मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, कुत्र्याच्या कातडीत खालची पेशी वर येऊन गळायला साधारण तीन आठवडे लागतात, त्यामुळे आठवड्यात चमत्कार मागू नका. अडीच महिने लागले.

त्या अडीच महिन्यांत मला या विषयाचं वेड लागलं. ऑफिसमध्ये लंचला मी कातडीवर बोलायला लागलो की लोक ताट घेऊन दुसऱ्या टेबलावर जायचे. पण ऐका तर. कुत्र्याला आपल्यासारखा अंग थंड करणारा घाम येतो तो फक्त पंजांच्या गाद्यांतून. बाकी अंगावर ग्रंथी आहेत, पण त्यांचा गारव्यासाठी फारसा उपयोग नाही, म्हणून तो धापा टाकतो. आणि उन्हाळा आला म्हणून हस्कीची हजामत करणारे लोक बघितले की आता मला राहवत नाही. तो दुहेरी केसांचा थर थंडीसारखं ऊनही अडवतो. केस काढले की ती पातळ कातडी थेट उन्हात. मांजरवाल्यांसाठीही एक: कुत्र्याच्या मानेवर टाकायचं गोचिडाचं औषध मांजरावर कधीच टाकू नका. त्यातल्या काहींत परमेथ्रिन असतं, कुत्र्याला ते चालतं, मांजराच्या जिवावर बेततं. बाटलीवर दोघांचं चित्र नसेल तर डॉक्टरला विचारा.

याच वेडात मी गावी गेलो होतो. आमचं गाव नगर जिल्ह्यात. ओढ्यात म्हशी बसल्या होत्या, फक्त डोकी वर. लहानपणापासून बघतोय, कधी विचारच केला नव्हता की गाय का नाही बसत. गायीच्या कातडीत प्रत्येक केसाजवळ एक घामाची ग्रंथी असते, ती घाम गाळून अंग थंड ठेवते. आपल्या देशी गायीच्या गळ्याखालची लोंबती पोळी, ही वाढीव कातडीसुद्धा उष्णता बाहेर टाकायला मदतीची. म्हशीकडे गायीच्या मानाने सहाव्या हिश्श्याइतक्याच घामग्रंथी. वर काळी कातडी आणि विरळ केस, म्हणजे ऊन शोषलं जाणार. ती चिखलात बसते कारण तिला घाम बाहेरून आणावा लागतो! ओला चिखल वाळताना गारवा देतो आणि माश्यांपासूनही वाचवतो. आपण तिला आळशी म्हणतो.

अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग आम्ही काय इतकी वर्षं उगाच पाणी मारतो का म्हशीवर?"

अण्णा म्हणजे माझे वडील. आणि आता ती पहिली चूक.

लम्पीचा विषाणू देवी गटातला, शेळ्या-मेंढ्यांच्या देवीचा भाऊबंद. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात सापडला आणि महाराष्ट्रातली २०२२ ची साथ ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यातून सुरू झाली. तिथून पसरत आमच्याकडे. बाजार बंद, शर्यती बंद. एका सकाळी अण्णांचा फोन आला, "चंद्रीच्या अंगावर गाठी आल्यात रे, ताप पण आहे." मी लॅपटॉपसमोर होतो, पाच मिनिटांत मीटिंग. मी म्हणालो, "स्किनचंच आहे ना अण्णा, होईल बरं. मलम लावा." आणि मीटिंगला गेलो.

आज मला कळतं की गाठी ही शेवटी दिसलेली गोष्ट होती. चावणारी माशी, डास किंवा गोचीड त्या पातळ बाह्यत्वचेतून सोंड घालून खाली रक्तवाहिन्यांपर्यंत पोचते, तिथे विषाणू आत जातो. मग ताप, मग गळ्याजवळच्या आणि पायांजवळच्या ग्रंथी सुजतात, आणि नंतर गाठी. त्या वरवरच्या नसतात, कातडीच्या सगळ्या थरांतून आरपार जातात. तोंडात, घशातही येतात, म्हणून जनावर खात नाही. गाठीचा मधला भाग मरतो, बुचासारखा सुटून पडतो आणि भोक उरतं. त्या भोकात माश्या अंडी घालतात. विषाणूवर थेट औषध नाही. ताप उतरवायचा, जखमा धुवायच्या, जिवाणू वाढू द्यायचे नाहीत, माश्या हाकलायच्या, बाकीच्या जनावरांपासून लांब बांधायचं.

लांब बांधायचं, हेच मी सांगितलं नाही. अण्णांनी माझ्यावर विश्वास ठेवला, शिकलेला पोरगा ना. चंद्री तीन दिवस त्याच गोठ्यात राहिली, शेजारी तिचं चार महिन्यांचं वासरू. शेजारच्या काकांनी गाठींवर जळकं ऑइल लावायला सांगितलं, तेही लागलं. चौथ्या दिवशी सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले, त्यांनी पहिल्यांदा दोघांना वेगळं केलं, ऑइल पुसायला लावलं. पण तोवर वासराला ताप होता. लस गावात पोचली तेव्हा ते दोन दिवस काही पीत नव्हतं. बाराव्या दिवशी गेलं.

लगेच वेगळं बांधलं असतं तर वाचलंच असतं, असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. डॉक्टरांनीही नाही सांगितलं. पण ते तीन दिवस माझे आहेत.

चंद्री वाचली. तिच्या पाठीवर, मांडीवर अजून रुपयाएवढे बिनकेसाचे डाग आहेत. आतल्या केसांची मुळंच गेली, तिथे केस परत येणार नाहीत. दूध मात्र पुन्हा द्यायला लागली, पुढच्या वेताला. आणि हे कळलं तेव्हा मी चाटच पडलो होतो: कास हीसुद्धा मुळात कातडीचीच एक बदललेली ग्रंथी, घामग्रंथीची नातेवाईक. खूर, शिंगाचं टरफल, सगळं बाह्यत्वचेचंच काम. आणि गायीच्या नाकपुड्यांमधल्या ओल्या भागावरच्या रेषा प्रत्येकीच्या वेगळ्या, आपल्या बोटांच्या ठशांसारख्या.

माशी बसली की गाय नुसती कातडी थरथरवते बघा, बाकी अंग हलत नाही. कातडीखाली पातळ स्नायूचा वेगळा पडदा असतो त्यासाठी. आजारात चंद्रीने ते बंद केलं होतं, माश्या बसून राहायच्या. म्हणून आता रविवारी व्हिडिओ कॉल लागला की मी अण्णांना म्हणतो, जरा कॅमेरा तिच्या पाठीकडे न्या. अण्णा म्हणतात, "तुझं इंजिनिअरिंग तिकडंच ठेव," आणि फोन घेऊन गोठ्यात जातात. मी थांबतो. एखादी माशी बसते. पाठ थरथरते.

चला मंडळी, बंड्याला फिरवायची वेळ झाली. भेटू पुढच्या शनिवारी.