विद्यादानाचे एक अर्वाचीन उदाहरण : प्राध्यापक राजारामन



विद्या दिल्याने वाढते, हे वचन आपण बाळपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु ज्या विद्येचे साधनच अतिशय महाग व दुर्मिळ, ती विद्या द्यावी कशी आणि कोणाला? हा प्रश्न प्राध्यापक वै. राजारामन यांच्यापुढे सन १९६३ मध्ये उभा राहिला. त्याचे त्यांनी दिलेले उत्तर हाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

राजारामन यांचा जन्म १९३३ साली तामिळ प्रदेशातील इरोड येथे झाला. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स महाविद्यालयात पदार्थविज्ञान, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पुढील अध्ययन आणि अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाची १९६१ सालची डॉक्टरेट, असा त्यांचा विद्याक्रम. परदेशी स्थिर होण्याजोगी योग्यता असूनही ते मायदेशी परतले आणि कानपूरच्या आय्.आय्.टी.त अध्यापक झाले.

त्याच वर्षी तेथे आय्.बी.एम्. १६२० हा संगणक येऊन दाखल झाला. या जातीच्या आरंभीच्या यंत्राला बेरीज स्वतः करता येत नसे. स्मृतीत भरून ठेवलेल्या कोष्टकांवरून ते उत्तर काढी. उजळणी पाठ केलेल्या बाळासारखेच म्हणा ना! पण देशात संगणक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते, म्हणून त्याचे मोल मोठे.

अशा यंत्राला सोवळ्यात ठेवण्याची तेव्हा सर्वत्र रीत होती. विद्यार्थ्याने छिद्रे पाडलेली पत्रे खिडकीपाशी द्यावीत आणि मागाहून उत्तर न्यावे. गाभाऱ्यात प्रवेश फक्त चालकाला. कानपूरला ही रीत मोडली गेली. विद्यार्थी स्वतः यंत्रापाशी जाऊ लागले. यंत्र बिघडण्याची भीती होतीच. पण न शिकलेला विद्यार्थी हे अधिक मोठे नुकसान, हा विवेक त्या निर्णयामागे होता.

विद्येचा हा प्रवाह संस्थेच्या कुंपणातही अडला नाही. देशभरचे अभियंते, शास्त्रज्ञ व अध्यापक यांच्यासाठी दहा-दहा दिवसांचे वर्ग भरविण्यात आले. ते परतून आपापल्या गावी दुसऱ्यांना शिकवू लागले. एका दिव्याने दुसरा दिवा लागावा, तसे हे झाले. १९६५ च्या सुमारास एम्.टेक्.च्या विद्यार्थ्यांना संगणकशास्त्र हा विषय तेथे घेता येऊ लागला. इन्फोसिसचे एक संस्थापक नारायण मूर्ती यांनी १९६९ साली याच संस्थेतून एम्.टेक्. पदवी घेतली.

तथापि, राजारामन यांचे सर्वांत दूरवर पोहोचलेले कार्य म्हणजे त्यांची पाठ्यपुस्तके. परदेशी ग्रंथ सामान्य विद्यार्थ्याच्या खिशाला झेपत नसत. म्हणून त्यांनी सुबोध इंग्रजीत पुस्तके लिहिली आणि त्यांची किंमत अल्प असावी असा आग्रह धरला. ज्या महाविद्यालयात संगणक नव्हता, तेथेही त्यांचे पुस्तक पोहोचले. पुढे एम्.सी.ए. हा अभ्यासक्रम घडविण्यातही त्यांचा प्रमुख वाटा होता. अभियांत्रिकीला न गेलेल्या पदवीधरांना, म्हणजे आपल्यासारख्या लहान गावांतील कितीतरी मुलामुलींना, त्यामुळे या विद्येचे दार उघडले.

१९८२ साली ते बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेले व १९९४ पर्यंत तेथील महासंगणक केंद्राची धुरा त्यांनी वाहिली. १९७६ चे भटनागर पारितोषिक व १९९८ ची पद्मभूषण पदवी हे त्यांचे राजमान्य सन्मान होत.

आज त्या यंत्राहून कितीतरी पटींनी समर्थ संगणक मुलांच्या खिशात आहे. साधनाची टंचाई सरली; परंतु साधन उघड्या हाताने दुसऱ्यापुढे ठेवणारा आणि ते समजावून सांगण्यास आयुष्य वेचणारा शिक्षक आजही दुर्मिळच आहे. ज्यांच्यापाशी विद्या, ग्रंथ वा द्रव्य आहे, त्यांनी ते कडीकुलपात न ठेवता गरजू विद्यार्थ्याच्या हाती द्यावे, एवढाच बोध या चरित्रापासून घेतला तरी ते सार्थकी लागेल.