बाळदमा आणि कृष्णाकाठचं वांगं



कृष्णाकाठचं वांगं चिरून तसंच ताटात ठेवलं तर काळं पडतं, हे मी सांगायला नको. म्हणून तर आपल्याकडं ते चिरल्या चिरल्या पाण्यात टाकतात. चिरलेल्या गराला हवेतला ऑक्सिजन लागू नये, एवढंच त्यामागचं कारण. ज्या ऑक्सिजनवर आपण जगतो, तोच लोखंड गंजवतो आणि वांगं काळं पाडतो. बोलायचं आहे बाळदम्याबद्दल, पण दम्याच्या मुलाच्या श्वासनळीतही याच जातीचा प्रकार चाललेला असतो.

गेल्या हिवाळ्यात वाळवा तालुक्यातल्या एक आजी नातवाला घेऊन आल्या. हातात रक्ताचा रिपोर्ट. म्हणाल्या, "डॉक्टर, पोराच्या रक्तात इसनोफिल वाढल्यात म्हणं. दिवसभर उंडारतंय, आन् मध्यरात्री छातीत मांजर बोलाय लागतंय."

आजींचे इसनोफिल म्हणजे इओसिनोफिल, रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. इओसिन नावाच्या रंगात त्या लालभडक दिसतात. १८७९ साली पॉल एर्लिख या जर्मन डॉक्टरांनी त्यांना हे नाव दिलं. त्यांचं एक जुनं काम म्हणजे पोटातल्या जंतांशी लढणं. एवढा मोठा जंत गिळता येत नाही, म्हणून त्या त्याच्यावर जहाल रसायन ओततात. ते बनतं ऑक्सिजनपासूनच. आधी हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे जखमेवर ओतल्यावर फसफसतं ते. मग त्यापासून ब्रोमीनचं एक आम्ल. गावच्या पाण्याच्या टाकीत टीसीएल पावडर टाकतात ना, तिच्याच जातकुळीतलं.

दम्याच्या मुलात ही फौज जंतांवर नाही, अंथरुणातल्या धुळीवर, परागकणांवर तुटून पडते. आधी मास्ट पेशी फुटतात आणि काही मिनिटांत नळी आवळते. मग टी पेशींच्या हाकेवरून इओसिनोफिल येतात, त्यांना काही तास लागतात. संध्याकाळी धुळीत खेळलेलं पोर मध्यरात्री धापा टाकतं, त्याचं हे एक कारण. राखणदारानं पाखरं हाकलायला गोफण फिरवावी आणि दगड आपल्याच कणसांना लागावेत, तसं होतं. नळीचं आतलं अस्तर सोलवटतं, चिकट कफ सुटतो, आणि पुढच्या वेळी जरा थंड वारा लागला तरी नळी आवळते. अस्तराजवळ ग्लुटाथिओनसारखी संरक्षक द्रव्यं असतात. चिरलेल्या वांग्याला पाणी, तशी ती. पण मारा जास्त झाला की ती पुरी पडत नाहीत.

त्यात बाहेरून भर पडते. साताऱ्यापासून सांगलीपर्यंत ऊसतोड सुरू झाली की पाचट पेटतं. थंडीच्या पहाटे वरची हवा उबदार आणि खालची गार, त्यामुळं धूर वर न जाता गावावरच बसून राहतो. घरात चूल असेल तर तिचाही धूर आहेच. तासगावकडं बेदाण्याला रंग यावा म्हणून गंधकाची धुरी देतात. तो वायू दम्याच्या माणसाची नळी मिनिटांत आवळतो. शेडजवळ मूल खेळायला नको.

मग जीवनसत्त्वाच्या गोळ्या द्याव्यात का? हा प्रश्न मला फार वेळा विचारतात. मेक्सिको सिटीच्या प्रदूषित हवेत दम्याच्या मुलांना क आणि ई जीवनसत्त्वं दिल्यावर थोडा फायदा दिसला होता. पण दम्याचं औषध म्हणून त्यांची शिफारस करावी, इतका पुरावा पुढं जमला नाही. पेरू, आवळा खुशाल द्या. भट्टी मात्र पेशींनी पेटवलेली आहे, ती विझवतो तो रोज घ्यायचा स्टेरॉइडचा पंप. १९९० च्या दशकात नेदरलँडमधल्या डॉक्टरांनी दम्याच्या मुलांचा उच्छ्वास गार नळीत गोळा करून तपासला. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड जास्त सापडलं, आणि तेही मुख्यतः पंपातून स्टेरॉइड न घेणाऱ्या मुलांत.

पंप म्हटलं की आजींचा चेहरा पडला. "त्याची सवय लागती म्हणं." सवय लागत नाही. गोळीतलं स्टेरॉइड मिलिग्रॅममध्ये मोजतात, पंपातलं मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे एका मिलिग्रॅमचा हजारावा भाग. दुसरा, लगेच आराम देणारा पंप नळी सैल करतो, पण सूज तशीच ठेवतो; नुसत्या त्याच्यावर दिवस काढणारी मुलंच रात्री-अपरात्री दवाखान्यात येतात. पंप थेट तोंडात न मारता नळकांड्यातून, म्हणजे स्पेसरमधून द्यावा, आणि रोजच्या पंपानंतर चूळ भरायला लावावी. धाप लागली आणि स्पेसर जवळ नसेल, तर अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडूनही काम भागतं. १९९९ साली दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी हे मुलांवर पडताळून दाखवलं. धाप लागली म्हणून पोटाला बिब्बा मात्र घालू नका. पोट उडत असेल, बोलताना शब्द तुटत असतील, ओठ निळे पडत असतील, तर घरी थांबू नका.

आजींनी सगळं ऐकून घेतलं. जाताना दारातून वळल्या. "तुमी रेडिओवर बोलता न्हवं? मग त्या पाचटाचं तेवढं सांगा. शेजारच्याला मी सांगून दमले, रेडिओचं तरी ऐकंल."