गिऱ्हाईक नसलेला माल



आइसलँडमध्ये ज्वालामुखीच्या खडकावर क्लाइमवर्क्स या स्विस कंपनीनं मोठमोठे पंखे बसवले आहेत. ते हवा आत ओढतात आणि तिच्यातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढतात. मग तो पाण्यात विरघळवून जमिनीखालच्या बेसाल्टमध्ये सोडला जातो आणि तिथं त्याचा दगड होतो. २०२४ मध्ये सुरू झालेला ‘मॅमथ’ हा त्यांचा मोठा कारखाना पूर्ण क्षमतेनं चालला, तर वर्षाला ३६ हजार टन काढेल. आणि आपण सारं जग मिळून कोळसा, तेल, वायू जाळून वर्षाला सोडतो सुमारे ३७०० कोटी टन. या कारखान्याची वर्षभराची मेहनत साधारण अर्ध्या मिनिटात पुसली जाते.

मग हा खटाटोप कशाला, असं तुम्ही विचाराल. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या (आयपीसीसी) २०२२ च्या अहवालात त्याचं उत्तर आहे. सगळी कपात केल्यावरही शेती, विमानं, काही उद्योग यांतून थोडं उत्सर्जन उरणारच, आणि ते भरून काढायला हवेतला कार्बन काढण्यावाचून गत्यंतर नाही. कपात आधी, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. ‘नंतर काढू’ असं म्हणून आज धूर सोडणाऱ्याला दारात उभं करू नये. पण २०५० मध्ये जे कोट्यवधी टनांनी लागणार, ते आज शेकड्यांनी, हजारांनी करून पाहिल्याशिवाय हाती येणार नाही.

माझ्या मते खरं घोडं पैशापाशी अडतं. यंत्रानं काढलेल्या एका टनाला आज कित्येक शे डॉलर पडतात. शिवाय या मालाला गिऱ्हाईकच नाही. विजेला आहे, कारण तिनं घरात दिवा लागतो. घंटागाडीतला कचरा कोणी विकत घेत नाही, तरी ती रोज येते, कारण नगरपालिका आपल्याकडून कर घेते. हवेला नगरपालिका नाही.

अशीच कोंडी लहान मुलांच्या न्यूमोनियावरच्या लशीची होती. गरज गरीब देशांना, पण तिथं विकून पैसे सुटणार नाहीत म्हणून कंपन्या पुढे येईनात. मायकेल क्रेमर आणि इतर अर्थतज्ज्ञांनी मार्ग सुचवला: लस तयार होण्याआधीच खरेदीचं बांधील वचन द्या. २००९ मध्ये पाच देश आणि गेट्स फाउंडेशन यांनी दीड अब्ज डॉलरचं वचन दिलं. आपल्या पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट २०२० मध्ये त्या करारात आली आणि तिनं डोस दोन डॉलरला देऊ केला. तेव्हा कमाल दर साडेतीन डॉलर होता.

हीच कल्पना २०२२ मध्ये ‘फ्रंटियर’ या उपक्रमानं उचलली. स्ट्राइप, अल्फाबेट, शॉपिफाय, मेटा आणि मॅकिन्झी यांनी मिळून काढलेला कार्बन विकत घेण्याची ९२.५ कोटी डॉलरची हमी दिली. हजार वर्षांहून अधिक टिकणारी साठवण आणि पुढेमागे टनाला शंभर डॉलरच्या आत येऊ शकणारी किंमत, या त्यांच्या कसोट्या. हे काम मला मोलाचं वाटतं. पण लशीच्या मागे शेवटी सरकारांचे लसीकरण कार्यक्रम उभे होते. इथं मूठभर कंपन्यांची सदिच्छा आहे, आणि सदिच्छा ताळेबंदाबरोबर बदलते. स्वीडननं म्हणूनच सरकारी तिजोरी उघडली. तिथं लिलावात कमीत कमी अनुदान मागणाऱ्याला काम मिळतं. २०२५ मध्ये स्टॉकहोमच्या ऊर्जा कंपनीला त्यात सुमारे २० अब्ज क्रोनर मंजूर झाले.

आता आपल्या पायाखाली पाहा. दख्खनचं पठार म्हणजे सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर बेसाल्ट. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो, ते पाणी या दगडाला झिजवतं, त्यातून बायकार्बोनेट बनतं, ते नद्यांवाटे समुद्रात जातं आणि हजारो वर्षं तिथंच राहतं. आपली काळी माती याच झिजेतून आली. दगडाची भुकटी करून शेतात पसरली तर ही संथ क्रिया वेग घेते. ‘माटी कार्बन’ ही संस्था भारतातल्या लहान शेतकऱ्यांच्या शेतांत हेच करते. २०२५ मध्ये तिला ‘एक्सप्राइझ’ स्पर्धेचं पाच कोटी डॉलरचं पहिलं बक्षीस मिळालं. भुकटीतून पिकाला कॅल्शियम, मॅग्नेशियमही मिळतं. अवघड आहे ती मोजदाद. बंद टाकीत गोळा केलेला वायू मोजता येतो; उघड्या रानात, प्रत्येक मातीत आणि प्रत्येक पावसात नेमका किती कार्बन अडकला हे ठरवायला नमुने आणि प्रयोगशाळा लागतात. त्या खर्चात काटकसर झाली तर टन फक्त कागदावर उरतील.

मग पैसे कोणी मोजायचे? सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्येच ‘प्रदूषण करणाऱ्यानं भरपाई करावी’ हे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग मानलं. २०२३ मध्ये केंद्रानं कार्बन क्रेडिट व्यापाराची योजना अधिसूचित केली. तिच्यात उद्योगांना उत्सर्जनाच्या तीव्रतेची, म्हणजे उत्पादनाच्या प्रमाणात होणाऱ्या उत्सर्जनाची, लक्ष्यं आहेत. माझी मागणी अशी की, त्या लक्ष्यांना धक्का न लावता, मोठ्या उद्योगांवर काढलेला कार्बन विकत घेण्याचं वेगळं बंधन घालावं. सुरुवातीला सोडलेल्या हजार टनांमागे एक टन पुरे. मग दरवर्षी वाढवत न्यावं. पैसे मोजणी झाल्यावरच द्यावेत, मोजणाऱ्याचा पगार विकणाऱ्यानं देऊ नये, आणि ज्याच्या शेतात भुकटी पडली त्या शेतकऱ्याला टनामागे किती मिळणार हा आकडा करारात मराठीत लिहिलेला असावा.