तिथी बघा, मग समुद्रावर जा



साखरपुड्यापासून वास्तुशांतीपर्यंत सगळ्याला पंचांग उघडणारे आपण, समुद्रावर घरच्यांचे फोटो काढायला निघालो की फक्त रेल्वेचं रिझर्वेशन बघतो. नांदेडहून संध्याकाळी पनवेल गाडीत बसायचं, परळी-लातूर करत सकाळी पनवेल, आणि दुपारपर्यंत अलिबाग. तिथं पोचल्यावर कळतं, की समुद्र पार वर आलाय आणि आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळ्यांना ओळीनं उभं करायला वाळूच शिल्लक नाही!

नांदेडच्या विष्णुपुरी धरणाचं पाणी बघत वाढलेल्या माणसाला हे सुचणार कसं? आपल्याकडं पाणी पावसाळ्यात चढतं, उन्हाळ्यात तळाला जातं. समुद्र रोज दोनदा भरतो, दोनदा ओसरतो, आणि दररोज साधारण पाऊण तास उशिरा. त्यावर किनाऱ्यावरच्या लोकांचा एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर तीन वाजता, अष्टमी असेल तर सहा वाजता. पुढं सहा तासांनी ओहोटी. पक्ष शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. थोडं इकडं-तिकडं होतं, पण भिंतीवरच्या कॅलेंडरवरून एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

म्हणजे अष्टमी-नवमीला सूर्य बुडताना समुद्र काठोकाठ. पौर्णिमा-अमावास्येला मात्र भरती बाराच्या सुमारास येऊन जाते आणि सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास पाणी लांब गेलेलं असतं. वाळू ओली, आभाळाचे रंग तिच्यात उतरलेले. भाऊबीज उरकून घाईनं निघण्यापेक्षा त्रिपुरी पौर्णिमेचा बेत करा, असं मी म्हणेन. फक्त याच दिवसांत पाण्याची ओढही जास्त असते. पोरांना घोट्यापलीकडं जाऊ देऊ नका. ओहोटीत अलिबागच्या कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं, पण पाणी परत कधी चढेल ते तिथल्या माणसांना विचारूनच पाऊल टाका.

सगळ्यांना सूर्यास्तच हवा असतो. पण आपला समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी त्याच्याकडं पाठ करून उभे राहिलात की सूर्य मागं आणि चेहरे काळे. नव्या जोडप्याला ते चालतं, आजोबांना चालत नाही. त्यांना फोटोत स्वतःचं तोंड दिसायला हवं. त्यांच्यासाठी सकाळ. ऊन नारळांच्या वरून थेट तोंडावर येतं, मागं निळं पाणी आणि अलिबागला असाल तर किल्लाही. संध्याकाळी काढायचाच असेल तर सगळ्यांना जरा तिरपं उभं करा, म्हणजे उजेड गालावर पडेल.

एकत्र फोटो मात्र पोचल्या-पोचल्या उरकून घ्या. साड्यांचे काठ कोरडे आहेत, पोरांचा भांग जागेवर आहे, तोवरच. दहा मिनिटांत संपवा. सगळ्यांनी एका रंगाचे कपडे घालायचं खूळ अलीकडं फार वाढलंय; काकूंना त्यांचं इरकल नेसू द्या.

त्यानंतर फोटो काढणाऱ्यानं लांब जावं आणि गप्प राहावं. 2016 च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या लातूरच्या आजी पहिल्यांदा समुद्र बघतात तेव्हा त्यांना ‘इकडं बघा, हसा’ म्हणायचं नसतं. त्या पदर खोचतील, ओंजळीत पाणी घेतील, चव घेऊन तोंड वाकडं करतील. तो फोटो घ्या.

आणि हो, खाऱ्या वाऱ्यानं मोबाईलची काच धूसर होते. खिशात एक मऊ सुती फडकं असू द्या, वाळू न लागलेलं.