वैमानिकाचा सल्लागार



आकाशातल्या वाटांविषयी बोलायला आपले गाव मोठे योग्य आहे. पहिल्या भास्कराचार्याने लंकेहून अवंतीकडे जाणाऱ्या मध्यरेषेवरची जी स्थाने सांगितली, त्यांत वत्सगुल्म आहे. आपल्या मध्यमेश्वराशीही हीच आठवण जोडलेली आहे. पण आज मोजून पाहावे, तर वाशीम उज्जयिनीच्या पूर्वेस सव्वा अंशाहून थोडे अधिकच भरते. रेघ पूज्य असली तरी पडताळावी लागते, ती अशी.

मुंबईहून नागपूरपर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढा. ती सुमारे ६८० किलोमीटरांची होते आणि आपल्या कारंज्याच्या आसपासून जाते. विमान मात्र तिच्यावरूनच जाईल असे नाही. वारा आडवा येतो, ढग येतात, दुसरी विमाने येतात. शिवाय काही आकाश लष्करासाठी राखलेले असते. भारतीय आकाशापैकी ६० टक्केच मुक्तपणे वापरता येते, असे २०२० साली सरकारनेच सांगितले होते.

वाट बदलून इंधन वाचेल काय, हे वैमानिकाला उडता उडता सांगणारे एक सॉफ्टवेअर अमेरिकेत नासा या संस्थेने तयार केले. नाव 'ट्रॅफिक अवेअर प्लॅनर'. विमानाची जागा, वाऱ्याचा अंदाज, जवळच्या विमानांचे संदेश हे सारे घेऊन ते सुचवते : इकडे वळा, किंवा वर चढा, इतके इंधन वाचेल, इतकी मिनिटे वाचतील. पुढे वैमानिकाने नियंत्रकाकडे परवानगी मागायची. सुकाणूला हे यंत्र स्वतः हात लावीत नाही, हे मला फार आवडले.

त्याची परीक्षा आधी जमिनीवरच्या नकली कॉकपिटात झाली. मग २०१३ आणि २०१५ साली पियाजिओ अवांती या लहान विमानात. आणि २०१८ साली अलास्का एअरलाइन्सच्या प्रवासी विमानांत. गणित बरोबर आले की परीक्षा संपली, असे आपल्याला वाटते. खरा प्रश्न पुढेच आहे. पडद्याकडे पाहताना वैमानिकाचे दुसरे काम मागे पडते काय? सुचवलेली वाट नियंत्रक देतो काय? पाच-सहा वेळा नकार मिळाला, की शहाणा वैमानिकही त्या पडद्याकडे बघायचे सोडील. म्हणून वाचलेल्या इंधनाइतकीच नाकारलेल्या सूचनांचीही मोजदाद हवी.

मुंबई-नागपूर अंतर लहान. तेथे बचतही थोडीच व्हायची. तरी असे यंत्र या वाटेवर आणायचे झाले, तर त्याची चाचणी माघातल्या निरभ्र दिवसांत उरकू नये. ती आषाढात घ्यावी, वऱ्हाडावर ढग दाटलेले असताना, आणि नागपूरच्या नियंत्रकाला पहिल्या दिवसापासून सोबत घेऊन.