हत्याराची पारख

कर्नाटकात महानवमीला आयुधपूजा होते. महाराष्ट्रात त्याच दिवसाला खंडेनवमी म्हणतात. बंगळूरच्या दक्षिणेस, तामिळनाडूच्या सीमेलगत आनेकल नावाचे तालुक्याचे गाव आहे. त्या दिवशी या गावातून फेरफटका मारला, तर दारोदारी धुऊनपुसून उभ्या केलेल्या दुचाक्या आणि मोटारी दिसतात. त्यांना झेंडूच्या माळा घातलेल्या असतात, हळदकुंकू लावलेले असते, चाकाखाली लिंबू असते आणि दृष्ट काढण्यासाठी कोहळा फोडलेला असतो. गाडीशेजारी घरातली हत्यारेही मांडलेली असतात. दोनचार पाने, एखादी पक्कड, एखादी हातोडी, मूठ सैल झालेला स्क्रू ड्रायव्हर, असा तो सरंजाम असतो. यांतल्या एखाद्या पान्याचा जबडा फाकलेला असतो, तर एखाद्या स्क्रू ड्रायव्हरची धार मुरडलेली असते. पूजा मनापासून झालेली असते. निवड मात्र बहुधा कोणीच केलेली नसते. गाडीबरोबर आले ते, शेजाऱ्याकडून आणले आणि परत द्यायचे राहिले ते, रस्त्याच्या कडेला स्वस्त मिळाले ते, अशा रीतीने बहुतेक घरांतली हत्यारे जमलेली असतात.

ही गोष्ट काही आनेकलपुरती नाही. बेळगावात, नाशिकात किंवा नागपुरात चित्र फारसे वेगळे दिसणार नाही. परंतु आनेकलसारख्या गावात ती अधिक जाणवते, याचे कारण तेथील जीवनक्रम. रेशीम आणि विणकाम यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावाच्या भोवती जिगणी, बोम्मसंद्र आणि अत्तिबेले या औद्योगिक वसाहती पसरल्या. अत्तिबेले ओलांडले की तामिळनाडूतले होसूर लागते. तेथे 1980 च्या सुमारास टीव्हीएस आणि अशोक लेलँड यांचे कारखाने उभे राहिले. ज्या दुचाकीवर बसून आनेकलचा कामगार पाळीवर जातो, ती कदाचित त्याच्या घरापासून तासाभराच्या आतल्या अंतरावर तयार झालेली असते. पहाटेची पाळी गाठायची, रस्ता लांब, आणि अशा वेळी साखळी सैल पडली, प्लग काजळला किंवा चाकाचा नट ढिला झाला, तर गॅरेज उघडेपर्यंत थांबून चालत नाही. एका खाड्याची किंमत त्या घराला ठाऊक असते. म्हणून माणूस स्वतःच पाना हातात घेतो. त्या क्षणी पाना चांगला असेल तर काम दहा मिनिटांचे असते. तो वाईट असेल तर दहा मिनिटांच्या कामाची दोन दिवसांची दुरुस्ती होऊन बसते.

असे का होते, हे समजून घेण्याजोगे आहे. नटाला सहा कडा आणि सहा कोपरे असतात. नेमक्या मापाचा पाना नटाच्या सपाट बाजूंवर जोर देतो. पाना किंचित मोठा असला, अथवा हलक्या धातूचा असल्यामुळे जोर दिल्यावर फाकला, की तो सपाट बाजू सोडून कोपऱ्यांवर जातो. कोपरे झिजतात, नट गोल होतो, आणि मग कोणताही चांगला पाना त्याला पकडू शकत नाही. पुढे छिन्नी येते, हातोडी येते, शेवटी तो बोल्ट कापावा लागतो. त्यातच पाना सटकला म्हणजे माणसाची बोटे इंजिनाच्या पत्र्यावर जाऊन आदळतात. म्हणजे वाईट हत्यार वाया घालवते ते केवळ आपली किंमत नव्हे, ज्या वस्तूला ते लावले जाते तिलाही ते बिघडवते आणि धरणाऱ्यालाही इजा करते. स्वस्त पाना महाग पडतो तो याच कारणाने.

मराठी भाषेत हत्याराच्या गुणाला एक फार नेमका शब्द आहे. लोहार हत्याराला ‘पाणी देतो’. तापवून लाल केलेले पोलाद एकदम थंड केले म्हणजे ते कठीण होते, पण त्याच वेळी ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा काढावा लागतो. विळ्याला, फाळाला आणि कुऱ्हाडीला गावचा लोहार अंदाजाने जे करीत आला, तेच आजचा कारखाना भट्टीचे तापमान मोजून करतो. चांगल्या पान्याचे पोलाद बहुधा क्रोमियम आणि व्हॅनेडियम यांचा अल्प अंश मिसळलेले असते. ते साच्यात ओतलेले नसते, तर तप्त असताना ठोकून घडवलेले असते. घडीव वस्तूत धातूचे तंतू आकाराबरोबर वळतात, त्यामुळे ती ताण सोसते. ओतीव वस्तूत पोकळ्या राहण्याचा संभव असतो, आणि ती हलक्या प्रतीची असेल तर इशारा न देता मोडते. पाणी जास्त झाले तर पाना तडकतो, कमी झाले तर फाकतो. या दोहोंमधला बेत साधणे हीच हत्यार करणाऱ्याची विद्या होय.

दुकानात उभ्या असलेल्या ग्राहकाला हे पाणी डोळ्यांनी दिसत नाही. चकचकीत मुलामा तर चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही हत्यारांवर सारखाच झळकतो. तरीही काही खुणा पाहता येतात. जबड्याच्या आतील दोन्ही बाजू एकमेकींना समांतर आणि स्वच्छ घासलेल्या आहेत काय, मापाचा आकडा आणि करणाऱ्याचे नाव धातूतच स्पष्ट उमटवलेले आहे काय, की नुसता कागद चिकटवलेला आहे, हे पाहावे. मुलाम्याखाली खड्डे किंवा फुगवटे असतील तर ती वस्तू बाजूला ठेवावी. सर्वांत सोपी परीक्षा म्हणजे माहीत असलेल्या मापाचा एक कोरा नट खिशात घालून नेणे. पाना त्यावर सहज बसावा, पण बसल्यावर डुगडुगू नये. पक्कड उजेडासमोर धरून मिटावी. तिच्या कापणाऱ्या कडांमधून प्रकाश दिसू नये. भारतीय मानक संस्थेने पान्यांसाठीही मानके ठरवली आहेत. उघड्या तोंडाच्या पान्यांसाठी आयएस 2028 आणि रिंग पान्यांसाठी आयएस 2029 ही त्यांपैकी दोन होत. हत्यारावर किंवा वेष्टनावर असा उल्लेख असल्यास निदान करणाऱ्याने मापाची जबाबदारी पत्करली आहे एवढे कळते.

दुसरा प्रश्न मापांचा. बाजारात चाळीस नगांचे संच पेटीत बसवून विकायला असतात आणि पेटी पाहून मन भुलते. परंतु त्यांतली निम्मी मापे त्या घरातल्या गाडीला कधीच लागत नाहीत. आधी गाडी पाहावी, मग हत्यार घ्यावे, हा खरा क्रम. जपानी घडणीच्या दुचाक्या आणि मोटारी यांना बहुधा 10, 12, 14 आणि 17 मिलिमीटरचे पाने लागतात. युरोपीय धाटणीच्या गाड्यांत 12 आणि 14 यांच्या जागी 13 आणि 16 येतात. जुन्या गाड्यांची कथा आणखी निराळी. 2014 पर्यंत निघालेली अँबेसडर मूळची इंग्रजी मॉरिस ऑक्सफर्ड, त्यामुळे तिच्यात इंचांची मापे. मुंबईत कुर्ल्याला पूर्वी तयार होणारी फियाट मूळची इटालियन, म्हणून तिच्यात मिलिमीटर. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. त्यावर 13 चा पाना बसल्यासारखा वाटतो, आणि नेमका तेथेच घात होतो. बसणे आणि बसल्यासारखे वाटणे यांत जो फरक आहे, तोच साबूत नट आणि गोल झालेला नट यांत आहे.

स्क्रूच्या बाबतीतही असाच एक चकवा आहे. दुचाकीच्या इंजिनावरील अधिक चिन्हाचे स्क्रू अनेकदा जपानी मानकाचे असतात. त्यांच्या माथ्यावर पुष्कळदा एक बारीक ठिपका असतो. बाजारातला नेहमीचा स्क्रू ड्रायव्हर हा 1930 नंतरच्या दशकात अमेरिकेत रूढ झालेल्या फिलिप्स धाटणीचा असतो. दोन्ही दिसायला सारखे, पण खाचेचा कोन आणि खोली वेगळी. त्यामुळे जोर लावताच टोक वर उचलले जाते आणि स्क्रूची खाच खरवडून निघते. ‘स्क्रूच मऊ होता’ असा ठपका मग निष्कारण त्या स्क्रूवर येतो.

मग घरात हत्यारे कोणती आणि किती असावीत? थोडी असावीत, पण चोख असावीत. गाडीला लागणाऱ्या चारपाच मापांचे असे पाने घ्यावेत, की ज्यांचे एक तोंड उघडे आणि दुसरे रिंगचे असते. रिंगची पकड नटाला सर्व बाजूंनी असते, म्हणून घट्ट नट सोडवायला रिंग, आणि सैल झाल्यावर भराभर फिरवायला उघडे तोंड, हा संकेत पाळावा. थोड्या गोट्या आणि त्यांना फिरवणारा रॅचेट असावा. गोटी आतून षट्कोनी असलेली उत्तम, कारण ती सपाट बाजूंवर बसते. रॅचेटच्या चाकाला 24 दाते असतील तर प्रत्येक खेपेस हात 15 अंश हलवावा लागतो. 72 दाते असतील तर 5 अंश पुरतात, आणि इंजिनाच्या अडचणीत हा फरक मोठा ठरतो. प्लगसाठी त्याच्याच मापाची गोटी, एक पक्कड, दोन चांगले स्क्रू ड्रायव्हर, षट्कोनी किल्ल्यांचा एक जुडगा आणि टायरमधील हवेचा दाब मोजणारे साधन, एवढे असले की नित्याची कामे होतात. सरकत्या जबड्याचा स्क्रू पाना जवळ असावा, पण तो पाहुण्यासारखा वापरावा. त्याचा जबडा हलता असल्यामुळे त्याची पकड कधीच पूर्ण नसते. पाना कोणताही असो, शक्यतो तो आपल्याकडे ओढावा, ढकलू नये. सटकला तर ओढणाऱ्याची बोटे शाबूत राहतात.

आणखी एका हत्याराविषयी घरगुती दुरुस्ती करणारे उदासीन असतात. ते म्हणजे पीळ मोजणारा टॉर्क पाना. नट किती आवळावा याचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत न्यूटन-मीटरमध्ये दिलेला असतो. 25 सेंटिमीटर लांब दांड्याच्या टोकाला 20 किलोचा जोर दिला, तर सुमारे 49 न्यूटन-मीटर पीळ बसतो. त्याच पान्याला नळी जोडून दांडा दुप्पट केला, तर तेवढ्याच जोराने पीळही दुप्पट होतो, आणि बोल्टाचे आटे उतरतात किंवा बोल्ट ताणून तुटतो. उलट चाकाचे नट कमी आवळले गेले तर भर रस्त्यात चाक निसटण्याची भीती. हाताचा अंदाज सरावाने सुधारतो हे खरे, पण चाक आणि ब्रेक या जागा अंदाजाच्या नव्हेत. हा पाना आवळण्यापुरताच वापरावा, सोडवण्यासाठी नव्हे. आणि ‘टक्’ असा आवाज करून थांबण्याची सूचना देणारा असेल, तर काम झाल्यावर तो सर्वांत कमी आकड्यावर आणून ठेवावा, म्हणजे आतली स्प्रिंग शिणत नाही.

उत्तम हत्याराबरोबर स्वतःची मर्यादा ओळखणेही आलेच. नुसत्या जॅकवर उचललेल्या मोटारीखाली कोणीही शिरू नये, तिला भक्कम घोडीचा आधार द्यावा. बॅटरी सोडवताना आधी ऋण टोक काढावे आणि बोटातली अंगठी उतरवून ठेवावी. बारा व्होल्टच्या बॅटरीचा झटका बसत नाही, पण पाना दोन टोकांवर आडवा पडला तर तो क्षणात तापून लाल होऊ शकतो. होसूरच्या परिसरात आता विजेच्या स्कूटरही तयार होतात आणि त्या आनेकलच्या रस्त्यांवर धावतात. त्यांची चाके, ब्रेक आणि पत्रे यांना पाने लागतातच, परंतु त्यांच्या मुख्य बॅटरीला आणि जाड वीजतारांना घरी हात लावू नये. त्या कामाला वेगळे शिक्षण आणि वेगळी हत्यारे लागतात.

हत्यार हे केवळ परदेशातूनच यावे, ही समजूत भारतात एके काळी दृढ होती. तिला तडा देण्यात मराठी मुलखाचाही वाटा आहे. 1888 मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर पुढे लोखंडी नांगर करू लागले, 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली, आणि 1941 मध्ये त्याच घराण्याने म्हैसूर संस्थानात हरिहर येथे लेथ यंत्रांचा कारखाना काढला. पाने आणि पकडी यांच्या बाबतीत नाशिकच्या सातपूर वसाहतीतील टपारिया टूल्स या कारखान्याचे नाव घ्यावे लागते. 1969 च्या सुमारास स्वीडनच्या तांत्रिक सहकार्याने तेथे हातहत्यारे होऊ लागली. जालंधर, लुधियाना आणि राजस्थानातील नागौर ही गावेही या धंद्यासाठी ओळखली जातात. आनेकलच्या बाजारात मिळणारा पाना यांपैकी कोठला तरी असण्याचा संभव पुष्कळ. चांगले हत्यार या देशात होते. ते ओळखून मागणारा ग्राहक मात्र तयार व्हावा लागतो, कारण ग्राहक जी प्रत खपवून घेतो तीच प्रत बाजार पुरवतो.

हत्यारांची निगा फार खर्चाची नसते. काम झाले की चिखल आणि ग्रीस पुसावे, तेलाचा बोळा फिरवावा, आणि प्रत्येक वस्तू तिच्या जागी ठेवावी. कोकणासारख्या दमट हवेत ही काळजी दुप्पट घ्यावी. पान्याचा हातोडा आणि स्क्रू ड्रायव्हरची छिन्नी करू नये. असा सांभाळलेला पाना बापाकडून मुलाकडे जातो, आणि त्याबरोबर नट कसा धरावा, कोठे थांबावे, हेही जाते. पुढल्या खंडेनवमीला गाडीशेजारी हत्यारे मांडण्यापूर्वी प्रत्येक पाना एकदा नटावर बसवून पाहावा. जो डुगडुगत असेल तो पूजेतून उचलून मोडीत द्यावा, आणि त्याच्या जागी वर्षाला एकच का होईना, पण पाणीदार हत्यार आणावे. आयुधाचा खरा मान त्यातच आहे.