मतांचे प्रमाण आणि संसदेतील जागा

प्रमाणशीर प्रतिनिधित्व म्हणजे पक्षाला मिळालेल्या मतांच्या प्रमाणात त्याला संसदेत जागा देण्याची पद्धत होय. परंतु हे प्रमाण बहुधा अपूर्णांकात येते आणि जागा तर पूर्णच द्यावी लागते, म्हणून उरलेला अंश कोणाच्या पदरात टाकायचा, हा या पद्धतीतील कळीचा प्रश्न ठरतो. बेल्जियमचे विधिज्ञ व्हिक्टर द'ओंट यांनी एकोणिसाव्या शतकात त्यावर सुचवलेला तोडगा त्या देशाने १८९९ मध्ये संसदेच्या निवडणुकीसाठी स्वीकारला. त्यात प्रत्येक पक्षाच्या मतांना क्रमाने १, २, ३, ४ अशा संख्यांनी भागतात आणि येणाऱ्या सर्व भागाकारांपैकी जे सर्वांत मोठे असतात, त्यांना एकेक जागा देतात. समजा, पाच जागांसाठी तीन पक्षांना अनुक्रमे ६०, २७ आणि १३ हजार मते पडली, तर पहिल्या पक्षाला चार व दुसऱ्याला एक जागा मिळते आणि तिसऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. फ्रेंच गणितज्ञ आंद्रे सँत-लाग्यू यांच्या पद्धतीत भाजक १, ३, ५ असे विषम असल्यामुळे मोठ्या पक्षाला पुढची प्रत्येक जागा अधिक महाग पडते आणि त्याच मतांवर वाटप तीन, एक, एक असे होते. लहान पक्षांच्या मतदारांच्या दृष्टीने ही रीत निश्चितच अधिक न्याय्य आहे. न्यूझीलंडमध्ये हीच पद्धत चालते, मात्र देशभरातील पक्षमतांपैकी किमान ५ टक्के मते किंवा निदान एका मतदारसंघातील विजय, यांपैकी काहीच पदरी नसलेला पक्ष तेथे वाटपात धरलाच जात नाही.